शेवट माहीत नसताना लिहिलेलं

माझा अक्षरजुळणीचा छोटासा व्यवसाय आहे. पुस्तकांची पानं लावायची, मुद्रितं तपासायची, छपाईयोग्य प्रत तयार करून द्यायची. यंत्रांसाठी कर्ज काढलं होतं आणि त्याचे हप्ते वेळच्या वेळी जात होते. मग ज्या प्रकाशन संस्थेकडून माझं निम्म्याहून अधिक काम येत असे, ती बंद पडली. झालेल्या कामाची बिलं अडकली आणि पुढचं कामही गेलं. अशा वेळी त्या संस्थेच्या मालमत्तेतून आधी तारण घेऊन बसलेल्यांचं देणं फिटतं. माझ्यासारख्या काम पुरवणाऱ्यांचा नंबर बराच खाली असतो, आणि तिथवर बहुधा काही उरत नाही. माझा हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभाच.

पैशाची चणचण एक वेळ सोसते. जीव खातो तो डोक्यात सतत चालू राहणारा हिशेब. रात्री पाठ टेकली की तो सुरू व्हायचा: एवढं येणं, एवढं देणं, अमुक तारखेला हे, तमुक तारखेला ते. दर वेळी बेरीज वेगळी यायची, कारण कागदावर काहीच नव्हतं. कर्ज देणाऱ्या संस्थेचं पाकीट आलं की पोटात गोळा यायचा. नवरा म्हणायचा, ‘निघेल काहीतरी मार्ग.’ त्याचं म्हणणं मनापासूनचं होतं, पण नेमका कोणता मार्ग, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

त्या काळात पैशाविषयी मिळेल ते वाचत सुटले. त्यातलं बरंचसं सल्ला देणारं होतं. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला असावी, असं जवळपास प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं असतं. सल्ला अगदी योग्य आहे. पण ज्याची ती गंगाजळी नुकतीच आटली आहे, त्यानं या वाक्याचं काय करायचं? दुसरा प्रकार यशोगाथांचा. त्यांत वाईट दिवस एका परिच्छेदात उरकलेले असतात. ‘खिशात दमडी नव्हती, पण जिद्द सोडली नाही’, आणि पुढच्या पानावर भरभराट. मला नेमका तो मधला परिच्छेदच हवा होता. दमडी नव्हती तेव्हा त्या माणसानं सकाळी उठून काय केलं? कुणाचं देणं आधी दिलं, कुणाला थांबायला सांगितलं? घरात कोण काय बोललं? यातलं काही कुणी लिहीत नव्हतं. आणि आता माझं ठाम मत झालंय की यश मिळाल्यावर मागे वळून लिहिणाऱ्याला ते लिहिताच येत नाही. त्याला शेवट माहीत असतो आणि त्या शेवटाचा उजेड मागच्या प्रत्येक दिवसावर पडतो. मी ज्या अंधारात बसले होते, तो अंधार त्या लिखाणात उरलेलाच नसतो.

हे सगळं मी एकदा ताईपाशी बोलले. पुढच्या वेळी येताना तिनं एक जाडजूड पुस्तक आणलं. ‘यात उपदेश नाही गं,’ ती म्हणाली, ‘एका माणसाचा रोजचा जमाखर्च आहे. नुसता वाच.’

ती सॅम्युअल पेप्सची दैनंदिनी होती. लंडनमधला एक कारकून, वय सव्वीस, १ जानेवारी १६६० पासून लघुलिपीत रोज लिहू लागतो. पहिल्याच दिवशी तो लिहितो की लोक मला श्रीमंत समजतात, पण प्रत्यक्षात मी फार गरीब आहे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाहेर आपलं नीट चाललंय असं दिसत राहणं आणि आत सगळं पोकळ असणं, हे दुसऱ्या कुणी इतक्या सरळ शब्दांत मांडलेलं मी तोवर वाचलं नव्हतं. त्याच वर्षी ३ जूनला, जहाजावर असताना, तो हिशेब करतो आणि आपल्याजवळ सगळं देणं वजा जाता जवळजवळ १०० पौंड आहेत हे पाहून देवाचे आभार मानतो. समुद्रावर निघालो तेव्हा घर आणि सामान सोडता २५ पौंडही नसतील, असंही तिथंच नोंदवतो. पुढे बढती होते, मिळकत वाढत जाते, १६६६ संपताना आकडा ६,२०० पौंडांच्या वर गेलेला असतो. पण एक हिशेब लिहिताना पुढच्याचा त्याला पत्ता नसतो. २५ घेऊन समुद्रावर निघालेल्याला १०० माहीत नाहीत, १०० लिहिणाऱ्याला ६,२०० माहीत नाहीत. मला धीर मिळाला तो इथं. मोठ्या आकड्यानं काही दिला नाही, छोट्या आकड्याशेजारी बसून लिहिणाऱ्या माणसानं दिला.

तो काही आदर्श माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. नौदलाच्या कचेरीत असताना त्याला कामं करून दिल्याबद्दल भेटी मिळत. एप्रिल १६६३ मध्ये एका कप्तानानं त्याच्या हाती एक बंद पत्र दिलं. आत पैसे आहेत हे त्याच्या लक्षात आलं. कचेरीत येऊन त्यानं पत्र फोडलं, आणि आतली नाणी सगळी बाहेर पडेपर्यंत कागदाकडे पाहिलं नाही, का तर उद्या कुणी विचारलंच तर ‘मी कागदात पैसे पाहिले नाहीत’ असं म्हणता यावं! आत सोन्याचं एक नाणं आणि चार पौंडांची चांदी होती. ही लबाडी त्यानं स्वतःच, तपशीलवार लिहून ठेवली आहे. मला तो प्रसंग पटला नाही, पण त्या लिखाणावरचा विश्वास वाढला. जो माणूस हे लपवत नाही, तो आपल्या भीतीबद्दल लिहील तेही खरंच असणार.

आणि भीतीबद्दल त्यानं खरोखर लिहिलं आहे. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत घुसलं आणि इंग्रजांची जहाजं जाळू लागलं. आता राज्य बुडतं, आपली पुंजीही जाते, या धास्तीनं पेप्सनं सुमारे १,३०० पौंडांचं सोनं बायको आणि वडिलांबरोबर गावाकडच्या घरी पाठवलं. त्यांनी ते रविवारी, लोक चर्चमध्ये असताना, भर दिवसा बागेत पुरलं. हे कळल्यावर हा संतापला, कुणी पाहिलं असेल तर? ऑक्टोबरमध्ये तो स्वतः ते काढायला गेला. रात्रीची वेळ, हातात झाकलेला कंदील, आणि नेमकी जागा कोणती ते सापडेना. शेवटी सापडलं ते जेमतेम वीतभर खोलीवर. पिशव्या कुजलेल्या, नाणी मातीत पसरलेली. मग मातीत माखलेली नाणी धुतली, मध्यरात्री पुन्हा बाहेर जाऊन मेणबत्तीच्या उजेडात आणखी वेचली, आणि सकाळी उठून माती बादल्यांत भरून चाळणीनं चाळली. तरी वीस-तीस नाण्यांचा हिशेब लागला नाही. ही नोंद मी ताईला मोठ्यानं वाचून दाखवली. माझ्याकडे पुरायला सोनं नव्हतं, पण पैसा असण्याची भीती आणि पैसा नसण्याची भीती अंधारात सारखीच वागते, हे त्या बागेतल्या माणसाकडे पाहून कळलं. माझ्या रात्रींबद्दल मला वाटणारी लाज त्यानंतर बरीच ओसरली.

पुढचं पुस्तक मी स्वतः शोधलं, कारण त्याचा दुवा याच दैनंदिनीपाशी निघाला. पेप्सची दैनंदिनी पहिल्यांदा छापली गेली १८२५ साली, आणि १८२६ मध्ये तिच्यावर एक परीक्षण आलं, ते सर वॉल्टर स्कॉटचं. स्कॉटनं स्वतःची रोजनिशी लिहायला घेतली ती २० नोव्हेंबर १८२५ ला. तेव्हा तो नावाजलेला कादंबरीकार होता. दोन महिन्यांत त्याचा प्रकाशक बुडाला, आणि ज्या छापखान्यात स्कॉटची छुपी भागीदारी होती तोही बुडाला. स्कॉटच्या डोक्यावर एक लाख पौंडांहून जास्त देणं आलं. छापखाना, प्रकाशक, अडकलेली देणी हे सगळं माझ्या धंद्यातलंच. त्याच्या पानांवर मी कशी तुटून पडले असेन, ते याच धंद्यातल्या लोकांना कळेल.

२२ जानेवारी १८२६ च्या नोंदीत तो लिहितो की आलेली बातमी वाईट आहे, खरोखरच वाईट, पण त्यानं माझी अब्रू गेल्यासारखं किंवा मी मोडून पडल्यासारखं मला वाटत नाही. कुठल्याही मित्राला, तो श्रीमंत असो की गरीब, मी यात ओढणार नाही; माझा उजवा हातच हे करील. नंतर दिवाळं जाहीर करण्याऐवजी त्यानं धनकोंशी करार केला. विश्वस्त नेमले गेले, त्याला घरात राहू दिलं गेलं, आणि लिखाणातून येणारा पैसा देणं फेडण्याकडे वळला. १८३० मध्ये त्याच धनकोंनी त्याची पुस्तकं आणि घरातलं सामान कृतज्ञतेनं त्याला परत केलं.

माझ्या दृष्टीनं हा करार फार मोलाचा ठरला. तोवर माझ्या मनात दोनच चित्रं होती, एक तर सगळं फेडणं नाहीतर सगळं जाणं. धनकोसमोर बसून बोलता येतं, ‘एवढं जमेल, एवढं जमणार नाही’ असं तोंडावर सांगता येतं आणि त्यात कमीपणा नसतो, हे स्कॉटमुळे डोक्यात शिरलं.

पण त्याचं सगळंच घेण्यासारखं नाही. १८२६ च्याच मे महिन्यात त्याची बायको गेली. तरी तो लिहीतच राहिला, प्रकृतीची पर्वा न करता लिहीत राहिला. १८३० पासून पक्षाघाताचे झटके येऊ लागले आणि सप्टेंबर १८३२ मध्ये तो गेला. उरलेलं देणं त्याच्या मागं, विम्यातून आणि पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. म्हणजे रोजनिशी लिहिणाऱ्या स्कॉटला आपण जिंकलो की नाही हे कधीच पुरतं कळलं नाही. त्या धैर्यापुढे मी हात जोडते. त्याच्यासारखं स्वतःला झिजवून संपवणं मात्र मी नाकारलं. तेव्हाच नवऱ्याला सांगितलं, जेवणानंतर मी कामाला बसणार नाही, कितीही देणं असो. ते मी पाळलं.

या वाचनाच्या जोरावर एका सकाळी साठलेली सगळी पाकिटं फोडली आणि कोरी वही घेतली. देणं किती, व्याज किती, कोणत्या तारखेला. येणं किती, त्यातलं येण्याजोगं किती आणि बुडीत किती. इथं तिसरा माणूस उपयोगी पडला, अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो. वॉल्डन तळ्याकाठी त्यानं स्वतः बांधलेल्या घराचा खर्च त्यानं पुस्तकात तक्त्यासारखा दिला आहे. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. पण मला गोडी वाटली ती आकड्यांसमोरच्या शेऱ्यांची. चुन्याची दोन पिंपं २.४० डॉलर: हे महाग पडलं. गिलाव्यात घालायचे केस ३१ सेंट: गरजेपेक्षा जास्त झाले. खडू १ सेंट. वाहतूक १.४० डॉलर: बराच माल मी पाठीवरून वाहिला. थोरोच्या साधेपणाचं कौतुक ऐकलं की काही जण चिडतात आणि त्यात तथ्य आहे. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, पदरी बायकापोरं नव्हती. माझं घर त्याच्या तत्त्वावर चालणार नाही. पण तो ‘पाठीवरून वाहिला’ हा शेरा मी उचलला. माझ्या वहीत रकमेपुढे एक रकाना शेऱ्यासाठी ठेवला आणि त्यात खरं तेच लिहायचं ठरवलं. ‘हा हप्ता ताईनं भरला, तिला मे महिन्यात द्यायचे.’ ‘हे काम कमी पैशांत घेतलं, कारण पैसे आगाऊ मिळाले.’ ‘ही खरेदी पुढे ढकलली, वाईट वाटलं.’

शेऱ्यांमुळे एक झालं. नुसते आकडे मला आरोपी केल्यासारखे वाटायचे. शेजारी शेरा आला की त्या रकमेमागची माणसं, अडचणी आणि निर्णय दिसायचे. महिन्याच्या शेवटी मागची पानं चाळली की मी किती वेळा विचार करून वागले, हे माझ्याच अक्षरात समोर यायचं. आणि रात्रीचा हिशेब थांबला. एका रात्रीत नाही, पण थांबला. कागदावर असलेली बेरीज डोक्यात पुन्हा करावी लागत नाही. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की लंडनला शिकत असताना बसभाडं, टपालखर्च, वर्तमानपत्रावरचे दोन पैसे असं सगळं ते टिपून ठेवत आणि रोज झोपण्याआधी शिल्लक जुळवत. पूर्वी मला ती शिस्त वाटायची. आता वाटतं, त्यात झोपेची सोयही असावी.

ती वही घेऊन मी कर्ज देणाऱ्या संस्थेत गेले. समोरच्या अधिकाऱ्यांना पानं दाखवली. मुदत वाढवली तर हप्ता कमी होतो, पण व्याज जास्त काळ चालतं आणि एकूण भरणा वाढतो, हे मी आधीच मांडून नेलं होतं. त्यामुळे बोलणं विनवणीचं न होता हिशेबाचं झालं. त्यांनी मुदत वाढवून दिली. मी एक गोष्ट आग्रहानं लिहून घेतली, मध्ये जादा रक्कम हाती आली तर ती दंड न लागता मुद्दलात भरता यावी.

थोरोची आणखी एक नोंद सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘वॉल्डन’ १८५४ चं. त्याआधीच्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या १,००० प्रती छापल्या होत्या, पदरमोड करून. १८५३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रकाशकानं त्यातल्या न खपलेल्या ७०६ त्याच्या घरी परत पाठवल्या. त्यानं त्या पाठीवरून दोन जिने चढवून वर नेल्या आणि रोजनिशीत लिहिलं की माझ्याकडे आता जवळपास नऊशे ग्रंथांचा संग्रह आहे आणि त्यातले सातशेहून जास्त मीच लिहिलेले आहेत. आणि पुढे म्हणतो, या निर्जीव ढिगाऱ्याशेजारी बसून आज रात्री मी नेहमीइतक्याच समाधानानं लेखणी हाती घेतोय. न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे मी पाहिले आहेत, त्यांचं वजन हाताला माहीत आहे. बुडालेल्या संस्थेसाठी लावलेली, कधीच छापून न येणारी पानं माझ्या संगणकात पडून आहेत. हे वाचल्यावर त्यातलं एक पुस्तक मी पुन्हा उघडलं आणि त्याच्या लेखिकेला फोन केला. दुसरा प्रकाशक मिळाला तर पानं तयार आहेत, असं सांगितलं. ते पुस्तक निघालं. माझ्या कामाचा मोबदला नव्या प्रकाशकानं दिला, पूर्ण नाही, पण दिला.

कर्ज अजून आहे. हप्ता जातो, मुद्दल हळूहळू उतरतं, काम पूर्वीच्या तोडीचं नाही. ज्यानं याच प्रकारात हात पोळून घेतलेत त्याला माझी एकच विनंती असते, की दैनंदिन्या, पत्रं, हिशेबाच्या वह्या असं मध्येच बसून लिहिलेलं शोधून वाचा. सध्या मी व्हॅन गॉगनं भाऊ थिओला लिहिलेली पत्रं वाचते आहे. थिओ दर महिन्याला पैसे पाठवायचा, आणि पत्रांत रंग, कॅनव्हास आणि पैशांची निकड एकाच श्वासात येतात. मदत घेणाऱ्यानं मदत करणाऱ्याला काय लिहावं, हे मला ताईसाठी हवं होतं. त्यातून शिकून मी तिला पहिल्यांदाच एक लांब पत्र लिहिलं. त्यात आभार कमी होते आणि तिच्या पैशानं नेमकं काय काय झालं ते जास्त होतं.

मध्यंतरी पूर्वी माझ्याकडे काम शिकलेली एक मुलगी आली. तिचंही त्याच संस्थेकडे येणं बुडालं होतं. मी तिला ऐकवायला काही बोध शोधत बसले नाही. वही तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या कामाला लागले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, ‘मॅडम, या पानावर वाईट वाटलं असं लिहिलंय. पुढच्या महिन्यात ती खरेदी केलीत का?’ नाही केली, मी म्हटलं, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. तिनं पान उलटून पाहिलं. मग पर्समधून तिची दोन न फोडलेली पाकिटं काढून टेबलावर ठेवली, आणि आम्ही पहिल्यापासून तिची यादी करायला बसलो.